तापीच्या काठावरून मुशीच्या गावाला

धुळ्याची पांझरा मुडावदला तापीला मिळते. जळगावच्या बाजूची वाघूर आणि गिरणाही तापीचीच वाट धरतात. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली तापी बुऱ्हाणपूर, भुसावळ, थाळनेर, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात उतरते. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, त्या या तापीच्याच काठी. मोगलांच्या जमान्यात बुऱ्हाणपूरकडून निघालेले हाजींचे काफिले याच खोऱ्यातून सुरतेला जात, आणि सुरत बंदराला लोक ‘बाबुल मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा, म्हणत. तेव्हा खानदेशाचा समुद्राशी काय संबंध, हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य भूगोलाच्या तासाला टिकत नाही आणि इतिहासाच्याही नाही.

बाजारात तर मुळीच टिकत नाही. आपल्याकडे समुद्र येतो तो सुकून. आठवडी बाजारात मिरची-मसाल्याच्या रांगेपलीकडे गोणपाटावर बोंबील, सुकट, जवळा यांचे ढीग लागलेले असतात. बाजरीची भाकरी आणि बोंबलाची चटणी ज्या घरात होत नाही, असे घर आमच्या ओळखीत तरी विरळाच. त्याच ढिगांच्या कडेला कधी कधी मिठात मुरवून वाळवलेले, लाकडाच्या ढलपीसारखे जाड तपकिरी तुकडे दिसतात. विचारले तर विक्रेता म्हणतो, “मुशी.” घेणारे कमी, पण घेतात. पोरांना सांगितले की बाबांनो, हीच ती शार्क, तर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांची शार्क सिनेमातली असते, बोट उलथवणारी, माणूस गिळणारी. ती आपल्या बाजारात पावशेराने मिळते हे त्यांच्या गळी उतरत नाही.

अरबीत शार्कला ‘किर्श’ म्हणतात. कुरैश या कबिल्याच्या नावाच्या ज्या व्युत्पत्ती जुन्या विद्वानांनी दिल्या आहेत, त्यांतली एक अशी की ते किर्शचे लघुरूप आहे, समुद्रातल्या सगळ्यांवर भारी पडणाऱ्या प्राण्यावरून पडलेले. दुसरे मत असे की ते ‘एकत्र जमणे’ या अर्थाच्या धातूवरून आले, तिसरे व्यापाराशी जोडणारे. कोणते बरोबर, ते भाषेचे जाणकार ठरवतील. पण आमच्या वर्गात हजेरीला दर चार-पाच नावांमागे एक कुरेशी असतो, आणि हे मत सांगितले की सगळी कुरेशी मंडळी एकदम ताठ बसतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला: “सर, शार्क आता किती उरल्या आहेत?”

या प्रश्नाचे उत्तर शोधायला म्हणून नव्हे, पण डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईला जायचे ठरले तेव्हा तो डोक्यात होता. आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे शिक्षक आणि दोन मुले, जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि भायखळ्याला खालाजानच्या घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज अदा करून टॅक्सीने कुलाब्याचा ससून डॉक गाठला.

ससून डॉक १८७५ सालचा. बगदादहून मुंबईत आलेल्या ससून या यहुदी घराण्यातले अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी समुद्र हटवून तो बांधला. तेव्हा तो कापसासारख्या मालाच्या जहाजांसाठी होता. खानदेशचा कापूस ज्या मुंबईत जाई, तीच ही मुंबई. आज तिथे मासळी उतरते. आम्ही पोचलो तेव्हा उजाडायचे होते. ट्रॉलरांच्या रांगा, बर्फ फोडण्याचा आवाज, हातगाड्यांचे “बाजू, बाजू”, पायाखाली घोटाभर पाणी. धाकटीने नाकाला ओढणी लावली ती परत टॅक्सीत बसेपर्यंत काढली नाही. लिलाव मात्र थोरल्याला फार आवडला. आकडे इतक्या वेगाने चढत होते की पाढे पाठ असलेल्यालाही धाप लागावी.

मुशींचा ढीग एका कडेला होता. सगळ्यात जास्त दिसत होती ती हातभर लांबीची, करड्या पाठीची आणि पांढऱ्या पोटाची, नाक फावड्यासारखे चपटे असलेली. मुंबईच्या बाजारात मुशी म्हटले की बहुधा हीच. हिची पूर्ण वाढ होऊनही ती पाऊण मीटरपलीकडे जात नाही. कातडीवरून डोक्याकडे हात फिरवला तर सुताराचा पॉलिश पेपर. अंगात काटा किंवा हाड नाही. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशा कूर्चेचा सगळा सांगाडा.

मासळी विकणाऱ्या एका मावशींनी आमची चौकशी केली. जळगाव म्हटल्यावर त्यांनी “केळीवाले!” अशी ओळख पटवली आणि मुशी कशी करायची ते सांगायला सुरुवात केली. आधी कढत पाण्यात टाकायची, मग कातडी खरवडून काढायची, नाहीतर वास जात नाही. (तो वास खरा आहे. मुशीच्या रक्तात आणि मांसात युरिया असतो, आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो.) “बाळंतिणीला द्या, दूध उतरतं,” असेही त्या म्हणाल्या. हे किनाऱ्यावरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हणणे आहे आणि ते लहान मुशीबद्दल असते. मोठ्या शार्कबद्दल मात्र आजचे डॉक्टरी म्हणणे उलटे आहे. मोठा शिकारी मासा आयुष्यभर लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो, म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी शार्क खाऊ नये असा सल्ला अनेक देशांच्या अन्न खात्यांनी दिलेला आहे. आमच्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवले तरी हा लेख वाचल्याचे काही चीज झाले.

त्या ढिगात आणखी तीन-चार तऱ्हेची पिल्ले होती. एकाचे डोके हातोड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, टोकाला डोळे. “ही कानमुशी,” मावशी म्हणाल्या. “पोरं हायेत तिची. आई कुठं दिसते आता?” भाव सगळ्यांचा एकच होता. नाव विचारणारे आम्हीच. बाकी सगळ्यांसाठी तो नुसता ‘मुशीचा माल’ होता.

पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथेच आहे असे आम्हाला वाटते. एकाच टोपलीत, एकाच नावाखाली, एकाच भावात जे प्राणी पडलेले असतात, त्यांचे नशीब एकसारखे नसते. फावड्या नाकाची छोटी मुशी एक-दोन वर्षांत वयात येते, सहा महिन्यांच्या आत पिल्ले देते, एका वेळी दहा-बारासुद्धा. तिची संख्याही घटते आहे. जगभरातल्या प्राण्यांच्या स्थितीची ‘लाल यादी’ ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने तिला २०२० मध्ये ‘धोक्याच्या जवळ’ या रकान्यात ठेवले. पण ती अजून बाजारात दिसते. हातोड्या डोक्याची जी कानमुशी आहे, तिची मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षे घेते आणि पिल्लू जवळपास आपल्याइतकेच महिने पोटात वाढवते. तिचे नाव लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या रकान्यात आहे. त्याच्या पुढचा रकाना रानावनातून आणि समुद्रातून नामशेष झालेल्यांचा.

वर्गात हे आम्ही शेतीच्या भाषेत सांगतो. बांगडा किंवा तारली हजारो अंडी सोडते. ते बाजरीचे पीक. एक हंगाम कापले तरी पाऊस बरा झाला की पुढच्या वर्षी उभे राहते. शार्क म्हणजे आंब्याचे झाड. ते बाजरीच्या हिशेबाने कापत गेलो तर नातवाला सावलीसुद्धा मिळायची नाही. अल्लाहने एकाच पाण्यात दोन्ही ठेवले आहेत, जाळ्याला मात्र फरक कळत नाही. समुद्राच्या तळावरून खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात कोळंबीबरोबर मुशीची पिल्लेही येतात. ती कोणी मुद्दाम धरलेली नसतात, आणि बहुतेक वेळा वर येईपर्यंत मेलेली असतात.

याच ससून डॉकवर फेब्रुवारी २०१६ मध्ये एक मादी उतरली होती, २६६ सेंटीमीटर लांब. रोज मालाची पाहणी करायला येणाऱ्या संशोधकांनी तिची मापे आणि फोटो घेतले, आणि ती निघाली ‘गंगा शार्क’. १८३९ मध्ये म्युलर आणि हेन्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी या जातीची नोंद केली, तेव्हापासून जगभरात तिचे नमुने बोटावर मोजण्याइतकेच सापडले आहेत. नद्यांच्या मुखाशी, गढूळ खाडीत, गोड्या पाण्यातही राहू शकणारी ही शार्क. धरणे, दूषित पाणी आणि जाळी, तिन्ही तिच्या मुळावर आलेली. मुंबईच्या त्या मादीआधीची दहाएक वर्षे कोणाला तिची खात्रीची खबर नव्हती; काहींनी तर ती संपली असे धरले होते. ती हयात असल्याची बातमी आली ती तिच्या मयताने. हीच गंगा शार्क भारतीय कायद्यात २००१ पासून वाघाच्या रांगेत आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. वाघ मारून कोणी क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणू शकेल का? पण तिला ओळखणार कोण? धक्क्यावर तीही मुशीच. आणि हे लिहिताना आम्हाला धक्क्यावरच्या माणसांना दोष द्यायचा नाही. बी.एड. झालेल्या आम्हा दोघांपैकी कोणालाही दोन करड्या शार्कमधला फरक सांगता आला नसता. तज्ज्ञसुद्धा दात आणि परांची मापे घेऊनच सांगतात.

तापीचे मुख ज्या खंबातच्या आखातापाशी आहे, तिथले पाणीही असेच गढूळ, गाळाचे. आपल्या काळ्या मातीचाही त्या गाळात वाटा असणारच. बोंबील आणि छोटी मुशी, दोन्ही याच उत्तरेकडच्या गढूळ पाण्यात भरपूर मिळतात, वसई-पालघरपासून गुजरातपर्यंत. आमच्या भाकरीवरच्या बोंबलाचे आणि आमच्या पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या मातीचे हे नाते मुलांना फळ्यावर काढून दाखवले तेव्हा वर्ग बराच वेळ शांत होता. असे क्वचित होते.

मुंबईहून आम्ही कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेलो. बी.एड.च्या वेळचे आमचे एक स्नेही तिथे उर्दू शाळेत शिकवतात, त्यांचे आमंत्रण बरीच वर्षे थकले होते. खानदेशातल्या माणसाला रत्नागिरीत पहिला धक्का हा बसतो की मच्छीमार म्हणजे कोळी बांधव एवढेच नव्हेत. मिरकरवाड्याचे बंदर बहुतांशी मुसलमान मच्छीमारांचे आहे. दालदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बिरादरीचा उल्लेख इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही आहे. वर रत्नदुर्ग, खाली रंगीत बोटी, कोणावर ‘माशाअल्लाह’ तर कोणावर आईचे नाव. जुम्याच्या दिवशी दुपारी बंदर ओस पडते आणि मशिदीबाहेर चपलांबरोबर गमबूट दिसतात.

इथे मुशीला ‘मोरी’ म्हणतात. स्नेह्यांच्या घरी दुपारी तिचेच सालन होते, खोबरे भाजून केलेले, मटणासारखे. ताटावर बसल्या बसल्या थोरल्याने विचारले, “हे आपल्याला चालतं का?” प्रश्न रास्त होता. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत आणि त्यांच्याकडे समुद्रातल्या जिवांबाबत मुभा मोठी आहे. आपण खानदेशातले बहुतेक हनफी, आपल्याकडे पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा हलाल. शार्क मासाच आहे, तिला कल्ले असतात आणि ती पाण्यातच श्वास घेते. देवमाशासारखी हवेसाठी वर येत नाही. त्यामुळे हनफी उलेमाही सामान्यतः तिला माशातच मोजतात. कोणाच्या मनात शंका असेल त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. जेवण उत्तम होते.

हलाल आहे म्हणजे हिशेब ठेवायचा नाही असे मात्र नाही. यावर खरी चर्चा झाली ती संध्याकाळी, स्नेह्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका वयस्क नाखव्यांशी. साठी उलटलेली, तीन मुलगे बोटीवर, स्वतः आता फक्त जाळी विणायला बसतात. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो.

“आमचे वालिद माणसापेक्षा मोठी मोरी आणायचे,” चाचा म्हणाले. “तिचं काळीज काढून उकळायचं आणि ते तेल बोटीला लावायचं. लाकूड सडत नाही. आता बोट फायबरची आणि मोरी हाताएवढी.”

तेलाची गोष्ट खरीच मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून कॉड माशाचे तेल यायचे बंद झाले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर शार्कच्या यकृतापासून तेल काढायचे सरकारी कारखाने निघाले. अ जीवनसत्त्वासाठी ते मुलांना चमच्याने पाजत. आमच्या दादीला त्या चमच्याची चव शेवटपर्यंत आठवत होती, आणि ती सांगताना त्यांचे तोंड वाकडे होई. नंतर पाळी आली परांची. चीनकडच्या मेजवान्यांमधल्या सूपसाठी शार्कचे पर सोन्याच्या भावाने जात. पर कापून उरलेला जिवंत प्राणी समुद्रात फेकणे हा प्रकार जगभर झाला. भारत सरकारने २०१३ मध्ये पर धडापासून वेगळे करून आणण्यावर बंदी घातली आणि २०१५ मध्ये परांची निर्यातच बंद केली. तोवर बरेच नुकसान झाले होते. उघड्या महासागरात फिरणाऱ्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. शार्क आणि पाकटांच्या जगातल्या सुमारे बाराशे जातींपैकी तिसरा हिस्सा आज धोक्याच्या रकान्यांत आहे.

चाचांना हे आकडे सांगितले. ते जाळ्याची गाठ मारत राहिले. मग म्हणाले, “मास्टरसाब, मला एक सांगा. डिझेलचा खर्च मोरी बघून कमी होतो का?”

याला उत्तर नव्हते. बोट एकदा बाहेर पडली की डिझेल, बर्फ, खलाशांचा हिस्सा हे सगळे डोक्यावर असते. जाळ्यात आले ते विकायचे, कारण न विकले तरी ते मेलेलेच असते. सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते, ती इथे सगळे मानतात असे चाचा म्हणाले. त्या दिवसांत समुद्र कोणाला आत घेतच नाही. पण बाहेरच्या राज्यांचे मोठे ट्रॉलर रात्री दिवे लावून येतात, त्यांच्यावर त्यांचा राग जास्त होता. आणि एक गोष्ट ते अशी बोलले की आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. “जो बारीक माल आम्हाला फेकावासा वाटतो, तोही आता विकला जातो. कुटी करतात त्याची. कोंबड्यांना घालतात.” माशांची ही पूड कोंबडीखाद्यात आणि मत्स्यशेतीच्या खाद्यात वापरली जाते, हे कोणीही पोल्ट्रीवाला सांगेल. त्या बारीक मालात काय काय भरडले जाते, ते वेचून पाहायला कोणी बसत नाही. म्हणजे ज्या घरात मासळीचा वासही चालत नाही, त्या घरातल्या अंड्यापर्यंत समुद्र पोचलेला असू शकतो.

पण चाचांच्या घरातून आम्ही निराश होऊन निघालो नाही, त्याला कारण त्यांचा मधला मुलगा. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. जाळ्यात बसएवढा प्राणी, अंगभर पांढरे ठिपके. व्हेल शार्क. खलाशी पाण्यात उतरून चाकूने जाळे कापत होते. पाच-सात मिनिटांनी ते धूड हळूच वळले आणि खाली गेले. मागून कोणीतरी “अल्लाहु अकबर” म्हणाल्याचा आवाज येत होता.

धाकटीने लगेच विचारले, “हाच का यूनुस अलैहिस्सलामचा मासा?” कुरआनात तो मोठा मासा एवढेच आले आहे, जात सांगितलेली नाही, असे आम्ही म्हणालो. व्हेल शार्कचा घसा अगदी अरुंद असतो. बारा मीटरहूनही मोठा होऊ शकणारा हा जगातला सर्वांत मोठा मासा पाण्यातले बारीक जीव, अंडी आणि लहान मासे गाळून खातो. माणसाला त्याच्याकडून धोका नाही.

या माशाची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण ती सुधारलेली हकीकत आहे. १९९० च्या दशकात गुजरातच्या वेरावळ पट्ट्यात त्याची शेकड्यांनी शिकार होत होती, यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी. माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला. मे २००१ मध्ये व्हेल शार्क हा पहिल्या अनुसूचीत जाणारा भारतातला पहिला मासा ठरला, आणि त्याच वर्षी गंगा शार्क, करवत मासे, काही पाकट अशा आणखी जाती तिथे गेल्या. या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षे कैद आहे. पण वेरावळची शिकार निव्वळ कैदेच्या भीतीने थांबली असे आम्हाला वाटत नाही. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने तिथे मोहीम चालवली. मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. लोकांनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले. ज्याला नुसते तेलाचे पिंप समजत होते, त्याला मुलीचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क आपली जाळी कापून सोडल्या.

जाळे कापणे सोपे नाही. एक जाळे म्हणजे एका कुटुंबाची कित्येक महिन्यांची कमाई. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राणी सोडताना जाळे कापावे लागले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती चालवतात. फोटो किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. चाचांच्या मुलाने म्हणूनच चित्रण केले होते. कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क यांच्यासाठी या योजनेचा किनाऱ्यावर चांगला उपयोग झाला आहे.

“मग कानमुशीचं पिल्लू आलं तर सोडता का?” थोरल्याने त्याला विचारले.

तो हसला. “अरे, ते वर येतं तेव्हाच मेलेलं असतं. आणि जिवंत असलं तरी त्या ढिगात कोण बघतो?”

व्हेल शार्क वाचते कारण ती ओळखू येते. ठिपके असतात, बसएवढी असते, कोणीही सांगेल. करवत मासाही त्याच्या करवतीवरून ओळखतो कोणीही, फक्त तो आता दिसतच नाही. चाचांनी शेवटचा पाहिला तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते. पण किनाऱ्याजवळच्या करड्या शार्क, ज्यांची नावे तामिळनाडूकडे वेगळी, गुजरातकडे वेगळी आणि आपल्याकडे एकच, त्यांच्यासाठी कायद्याचा कागद आणि धक्क्यावरची टोपली यांच्यामध्ये अजून माणूस उभा नाही. पाँडिचेरीच्या नावाची एक शार्क आहे. १९७९ नंतर ती शास्त्रज्ञांच्या हाती खात्रीने आलेली नाही. ती संपली, की कुठल्या तरी बंदरावर दर दोन-चार वर्षांनी मुशी म्हणून विकली जाते, हे सांगायलाही तिला ओळखणारा लागतो.

निघायच्या आदल्या रात्री आमचे स्नेही, चाचांचा मुलगा आणि आम्ही एक कागद घेऊन बसलो. त्यांच्या शाळेत निम्मी मुले बोटवाल्यांच्या घरची. वर्गात एक तक्ता लावायचा ठरले: चित्र, उर्दू नाव, मराठी नाव, कोकणी बोलीतले नाव. चाचांचा मुलगा एकेक बोली नाव सांगत होता. कुठे कुठे त्याचे आणि चाचांचे जमत नव्हते, मग आत विचारायला जाई आणि दोघांचा वाद आम्हाला बाहेर ऐकू येई. चौदा ओळींचा कागद झाला. त्यांतल्या पाच ओळींत बोली नावाची जागा रिकामी राहिली. ती चित्रे पाहून चाचा म्हणाले होते, “हिला आम्ही काहीच म्हणत नाही. मोरी म्हणतो.”

कागदाची एक प्रत आम्ही जळगावला आणली आहे. सुक्या मासळीच्या बाजारातल्या विक्रेत्याला ती दाखवली, तेव्हा त्याने गोणपाटावरचे तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे केले. कातडी काढलेली, मीठ लागलेली. कोणत्या ओळीतली, ते त्यालाही सांगता आले नाही. माल कुठून येतो म्हणाला तर गुजरातहून आणि मुंबईहून, मिसळून. आम्ही त्या दिवशी बोंबील घेतले.